नाशिक शहर पोलिसांवर नागरी देखरेख : नव्याने काम सुरू करणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

पोलिसांच्या कामकाजावर नागरिकांची देखरेख असावी या मागणीसाठी शहरात एखादा गट उभा राहतो, तेव्हा त्याचे पहिले पाऊल बहुधा निवेदन देण्याचे असते. निवेदन देतानाचे छायाचित्र निघते, बातमी छापून येते आणि विषय तिथेच थांबतो. असे होण्याचे मुख्य कारण म्हणजे नेमके काय मागायचे आणि ते कोणाकडे मागायचे, हे ठरलेले नसते. देखरेखीची बरीचशी व्यवस्था महाराष्ट्रात कायद्याने आधीच निर्माण झालेली आहे. ती चालती करणे, तिच्याकडे प्रकरणे नेणे आणि तिच्यातील उणिवा कागदोपत्री दाखवून देणे हे नागरिकांचे खरे काम आहे. नाशिकमध्ये ते कसे करता येईल, हे या लेखात क्रमाने सांगितले आहे.

पहिली पायरी : अधिकार कोणाकडे आहेत ते समजून घेणे

नाशिक शहर पोलीस आयुक्तालय राज्याच्या गृह विभागाच्या अखत्यारीत येते. महानगरपालिकेचा त्याच्या नेमणुका, शिस्त किंवा खर्च यांवर अधिकार नाही. महासभेने ठराव केल्यास त्याला नैतिक वजन असते, परंतु त्यातून कोणतीही चौकशी सुरू होत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे भद्रकाली, पंचवटी, सातपूर, अंबड, नाशिक रोड, उपनगर, देवळाली कॅम्प ही ठाणी आयुक्तांच्या हाताखाली आहेत, तर सिन्नर, इगतपुरी, मालेगाव येथील ठाणी नाशिक ग्रामीणच्या पोलीस अधीक्षकांकडे आहेत. शहराच्या वेशीवरील वस्त्यांतील प्रकरणात हा फरक पहिल्याच दिवशी तपासावा. चुकीच्या कार्यालयात गेलेला अर्ज परत यायला आठवडे लागतात.

देखरेखीच्या व्यवस्थेचा पाया २२ सप्टेंबर २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंह प्रकरणात दिलेल्या निकालात आहे. प्रकाश सिंह हे निवृत्त पोलीस महासंचालक होते आणि ही याचिका त्यांनीच केली होती. पोलिसांवर देखरेख मागणे म्हणजे पोलिसांशी वैर धरणे, अशी शंका जे घेतात त्यांना ही गोष्ट जरूर सांगावी. न्यायालयाने राज्यांना जे आदेश दिले, त्यांपैकी दोन आपल्या कामाशी थेट जोडलेले आहेत. एक म्हणजे पोलिसांविरुद्धच्या गंभीर तक्रारींसाठी राज्य आणि जिल्हा स्तरावर स्वतंत्र पोलीस तक्रार प्राधिकरण नेमावे. दुसरा म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या पदांवरील अधिकाऱ्यांना किमान दोन वर्षांची मुदत मिळावी, म्हणजे राजकीय नाराजीपोटी त्यांची मध्येच उचलबांगडी होणार नाही.

महाराष्ट्राने २०१४ मध्ये महाराष्ट्र पोलीस अधिनियमात दुरुस्ती करून राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाची आणि त्याच्या खालच्या स्तरावरील प्राधिकरणांची तरतूद केली. इथे एक मोठा फरक पडला, तो लक्षात ठेवावा. न्यायालयाने जिल्हा स्तर सांगितला होता, तर आपल्या कायद्याने महसुली विभागाचा स्तर धरला. त्यामुळे नाशिक विभागाच्या प्राधिकरणाकडे नाशिकबरोबर धुळे, नंदुरबार, जळगाव आणि अहिल्यानगर हे जिल्हेही येतात. नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुव्याच्या शेतमजुराला तक्रारीच्या पाठपुराव्यासाठी नाशिकपर्यंत यावे लागणे ही त्याच्यावर लादलेली गैरसोय आहे, आणि जिल्हा स्तराची मागणी आपण सोडून देऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

वरिष्ठ पोलीस निरीक्षकापर्यंतच्या कर्मचारी व अधिकाऱ्यांविरुद्धच्या तक्रारी विभागीय प्राधिकरणाकडे, तर सहायक आयुक्त किंवा उपअधीक्षक आणि त्यावरील अधिकाऱ्यांविरुद्धच्या तक्रारी मुंबईतील राज्य प्राधिकरणाकडे जातात. कोठडीतील मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार किंवा त्याचा प्रयत्न, विहित कार्यपद्धती न पाळता केलेली अटक किंवा स्थानबद्धता, भ्रष्टाचार, खंडणी, जमीन किंवा घर बळकावणे आणि अधिकाराचा गंभीर गैरवापर हे विषय या प्राधिकरणांच्या कक्षेत येतात. एखादा हवालदार उर्मटपणे बोलला, एवढ्या तक्रारीसाठी हे दार नाही. त्यासाठी सहायक आयुक्त किंवा परिमंडळाचे उपायुक्त यांच्याकडे लेखी अर्ज करणे योग्य.

दुसरी पायरी : सहकार्य आणि देखरेख यांची गल्लत टाळणे

गणेशोत्सव, ईद, आंबेडकर जयंती आली की ठाण्यात शांतता समितीची बैठक होते. मोहल्ला समित्या, पोलीस मित्र, महिला दक्षता समिती अशा व्यवस्थाही आहेत. भिवंडीत १९८० च्या दशकात आणि मुंबईत १९९२-९३ च्या दंगलींनंतर मोहल्ला समित्यांनी सलोख्याचे जे काम केले, ते मोलाचे आहे आणि मालेगावसारखे शहर ज्या जिल्ह्यात आहे तिथे त्याची किंमत वेगळी सांगायला नको.

परंतु या समित्यांचे सदस्य पोलीसच निवडतात, बैठक पोलीसच बोलावतात आणि विषयही तेच ठरवतात. तिथे ठाण्यातील मारहाणीचा प्रश्न विचारणारा सदस्य पुढच्या यादीत बहुधा दिसत नाही. म्हणून नव्या गटाने सुरुवातीलाच ठरवावे की आपल्यापैकी ज्यांना शांतता समितीवर काम करायचे आहे त्यांनी ते जरूर करावे, मात्र त्याच व्यक्तीने देखरेखीच्या गटातर्फे तक्रारींचा पाठपुरावा करू नये. आयुक्तालयाने ‘तुमच्या गटालाच आम्ही सल्लागार समिती म्हणून मान्यता देतो’ असा प्रस्ताव दिला, तर तो सौजन्याने नाकारावा.

तिसरी पायरी : गट बांधणे

सुरुवातीला दहाबारा माणसे पुरतात. त्यांत फौजदारी न्यायालयात नियमित उभा राहणारा एक तरी वकील असावा, दुखापतीच्या नोंदी वाचता येणारा डॉक्टर असावा आणि माहिती अधिकाराचे अर्ज लिहिण्याचा सराव असलेला कोणी असावा. निवृत्त पोलीस अधिकारी मिळाल्यास फार उपयोग होतो, कारण ठाण्यातील कोणती नोंद कोणत्या वहीत असते हे त्याला तोंडपाठ असते. मात्र एवढ्यावर थांबल्यास हा गट कॉलेज रोड आणि गंगापूर रोडवरील सुशिक्षितांचा मेळावा होऊन बसेल. ज्यांचा पोलिसांशी रोजचा संबंध येतो ते लोक त्यात हवेत. गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बुधवारच्या बाजारातील विक्रेते, रिक्षाचालक, सातपूर आणि अंबड औद्योगिक वसाहतीतील परप्रांतीय कामगार, वसतिगृहांत राहणारे आदिवासी विद्यार्थी, झोपडपट्टीतील बचत गटांच्या ताई, पारधी वस्तीतील एखादी जाणती व्यक्ती यांना पाहुणे म्हणून न बोलावता निर्णय घेणारे सदस्य म्हणून घ्यावे.

पक्षाच्या पदाधिकाऱ्यांनी सदस्य असण्याला हरकत नाही, पण त्यांनी गटाचे प्रवक्ते होऊ नये.

पैशाबाबत आणि ओळखपत्रांबाबत कठोर असावे लागते. मानवाधिकार, भ्रष्टाचार निर्मूलन अशा नावांची कार्डे छापून, गाडीवर पाटी लावून ठाण्यात वजन टाकणारी आणि शेवटी दोन्ही बाजूंकडून तोडपाणी करणारी मंडळी प्रत्येक शहरात आहेत. त्यांच्यामुळे प्रामाणिक तक्रारदाराकडेही संशयाने पाहिले जाते. म्हणून गटाने ओळखपत्रे छापूच नयेत, तक्रारदाराकडून एक रुपयाही घेऊ नये आणि कोणत्याही प्रकरणात तडजोडीसाठी मध्यस्थी करू नये. हे तीन नियम पहिल्या बैठकीच्या इतिवृत्तात लिहून त्यावर सर्वांच्या सह्या घ्याव्यात.

चौथी पायरी : माहितीच्या अधिकारातून चित्र उभे करणे

आंदोलनाच्या आधी माहिती हवी. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालात कोठडीतील मृत्यूंचे आणि पोलिसांविरुद्ध नोंदवलेल्या गुन्ह्यांचे राज्यवार आकडे असतात, परंतु आपल्याला पंचवटी आणि उपनगर ठाण्यांत काय घडते ते हवे आहे. ते माहिती अधिकार अधिनियम, २००५ मधूनच मिळते.

महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि मजकूर साधारण १५० शब्दांच्या आत असावा लागतो, शुल्क १० रुपये आहे आणि माहिती ३० दिवसांत मिळायला हवी. त्यामुळे एका लांबलचक अर्जात सगळे विचारण्याऐवजी चार वेगळे अर्ज करावेत. पहिला अर्ज आयुक्तालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे करावा आणि त्यात गेल्या तीन वर्षांत पोलिसांविरुद्ध आलेल्या तक्रारींची ठाणेनिहाय संख्या, त्यांपैकी किती प्रकरणांत प्राथमिक चौकशी झाली, किती प्रकरणे खातेनिहाय चौकशीपर्यंत गेली आणि त्यांचा निकाल काय लागला, हे विचारावे. दुसऱ्यात ठाण्यांतील सीसीटीव्ही कॅमेऱ्यांची संख्या, बंद असलेले कॅमेरे आणि चित्रण किती दिवस साठवले जाते याची माहिती मागावी. तिसरा अर्ज नाशिक विभागाच्या पोलीस तक्रार प्राधिकरणाकडे करून आलेल्या, निकाली निघालेल्या आणि प्रलंबित तक्रारींची वर्षनिहाय संख्या मागावी. चौथा अर्ज मंत्रालयातील गृह विभागाकडे करावा आणि या प्राधिकरणावरील सदस्यांच्या नेमणुकीचे आदेश, रिक्त पदे आणि ती रिक्त झाल्याच्या तारखा मागाव्यात. निवृत्त न्यायाधीशाची किंवा नागरी सदस्याची जागा महिनोन्महिने रिकामी राहिली तर कायदा पुस्तकात असूनही दार बंदच राहते, आणि ते बंद असल्याचा पुरावा या चौथ्या अर्जातूनच हाती येतो.

उत्तर न आल्यास किंवा अपुरे आल्यास ३० दिवसांत प्रथम अपील करावे आणि त्यानंतर ९० दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाच्या नाशिक खंडपीठाकडे दुसरे अपील करावे. ‘तपासात अडथळा येईल’ किंवा ‘वैयक्तिक माहिती आहे’ अशी कारणे देऊन अर्ज नाकारण्याची पद्धत आहे. म्हणून नावे मागूच नयेत, फक्त संख्या, तारखा आणि निकालाचा प्रकार मागावा. मग ही दोन्ही कारणे लागू पडत नाहीत.

पाचवी पायरी : तक्रारदाराच्या सोबत उभे राहणे

या कामाचा कणा हाच आहे. दहा निवेदनांपेक्षा नीट लिहिलेली, पोच घेतलेली आणि शेवटपर्यंत नेलेली एक तक्रार अधिक परिणाम करते.

मारहाण झाली असेल तर सर्वांत आधी वैद्यकीय तपासणी. व्यक्ती अटकेत असेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५३ नुसार अटकेनंतर लगेच तपासणी व्हायला हवी आणि अहवालाची प्रत त्या व्यक्तीला किंवा तिने सांगितलेल्या माणसाला मिळायला हवी. व्यक्ती सुटलेली असेल, तर त्र्यंबक नाक्याजवळील जिल्हा रुग्णालयात जाऊन, दुखापत कशी झाली हे डॉक्टरांना स्पष्ट सांगून नोंद करून घ्यावी. ‘पडलो’ असे भीतीपोटी सांगितले की पुढे सगळे त्या एका शब्दाशी येऊन अडते. जखमांची छायाचित्रे त्याच दिवशी आणि पुन्हा दोन दिवसांनी काढावीत, कारण मुका मार नंतर काळानिळा दिसू लागतो.

त्यानंतर तक्रार लिहायला बसावे आणि ती तक्रारदाराच्याच शब्दांत लिहावी. ‘पोलिसांनी अमानुष मारहाण करून मानवी हक्कांची पायमल्ली केली’ हे वाक्य कोणत्याही प्रकरणाला चिकटवता येते, म्हणून ते कोणालाच हलवत नाही. त्याऐवजी असे लिहावे : ‘रात्री साडेअकराच्या सुमारास मला ठाण्याच्या मागच्या बाजूच्या खोलीत नेण्यात आले. खोलीत एक लाकडी बाक आणि भिंतीला लागून लोखंडी कपाट होते. गणवेशातील दोन व साध्या कपड्यांतील एक अशा तीन जणांपैकी, ज्यांच्या खांद्यावर दोन तारे होते त्यांनी, माझ्या डाव्या तळपायावर पट्ट्याने मारले. त्या वेळी बाहेर माझा भाऊ बसलेला होता व त्याने माझा आवाज ऐकला.’ नाव माहीत नसेल तर हुद्द्याचे चिन्ह, अंगकाठी, बोलण्याची ढब यांपैकी जे आठवते ते लिहावे. जे आठवत नाही ते सजवून लिहू नये. उलटतपासणीत पहिला घाव तिथेच बसतो.

तक्रारीच्या दोन प्रती न्याव्यात. आयुक्तालयाच्या किंवा ठाण्याच्या टपाल विभागात एक प्रत देऊन दुसरीवर आवक शिक्का, आवक क्रमांक, तारीख आणि घेणाऱ्याची सही घ्यावी. ‘साहेब आल्यावर बघू, ठेवून जा’ असे सांगितले जाते. तेव्हा वाद न घालता बाहेर पडावे आणि त्याच दिवशी नोंदणीकृत टपालाने पोचपावतीसह प्रत पाठवावी. शिक्का नसलेली प्रत घरी असणे आणि नसणे सारखेच.

दखलपात्र गुन्हा, म्हणजे ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा गुन्हा, घडला असेल, तर प्रथम माहिती अहवाल (एफआयआर) नोंदवण्याची मागणी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ खाली करावी. घटना कोणत्या हद्दीत घडली यावरून नोंद नाकारता येत नाही आणि अहवालाची प्रत तक्रारदाराला विनामूल्य मिळते. ठाण्याने नकार दिल्यास पोलीस आयुक्तांकडे, आणि तिथेही दखल न घेतल्यास न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करण्याचा मार्ग त्याच कलमात दिलेला आहे. हा मार्ग सोपा नाही. परभणीत डिसेंबर २०२४ मध्ये सोमनाथ सूर्यवंशी यांचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला, तेव्हा पोलिसांवर गुन्हा दाखल होण्यासाठी त्यांच्या आईला उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. कर्तव्य बजावताना केलेल्या कृत्याबद्दल पोलिसांवर खटला भरण्याला महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम १६१ मध्ये सहा महिन्यांची मर्यादा घातलेली आहे आणि बचाव पक्ष ती नेहमी पुढे करतो. म्हणून वकिलाचा सल्ला पहिल्याच आठवड्यात घ्यावा. महिला, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती आणि कोठडीत असलेली व्यक्ती यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. हे कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारात, म्हणजे सीबीएसजवळच आहे.

ठाण्यात जाताना दोघांनी जावे, तिघांपेक्षा जास्त नसावेत. आवाज चढवू नये आणि अंगावर हात पडेल इतके जवळ उभे राहू नये, कारण शासकीय कामात अडथळा आणल्याचा आणि लोकसेवकावर हल्ला केल्याचा गुन्हा, म्हणजे भारतीय न्याय संहितेचे कलम १३२, लावण्याची धमकी लगेच दिली जाते. पोलीस ठाणे हे शासकीय गुपिते अधिनियमाखालील ‘निषिद्ध ठिकाण’ नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे, त्यामुळे तिथे चित्रण केले म्हणून त्या कायद्याखाली गुन्हा होत नाही. तरीही भिंतीवरच्या कॅमेऱ्यातील चित्रण आपल्या मोबाइलपेक्षा अधिक उपयोगी ठरते.

प्रत्येक प्रकरणाची एक नोंदवही ठेवावी. त्यात घटनेची तारीख, ठाणे, तक्रारीचा प्रकार, दिलेल्या अर्जांचे आवक क्रमांक, पुढची तारीख आणि आलेले उत्तर एवढेच रकाने पुरेत. तक्रारदाराचे नाव वेगळ्या वहीत सांकेतिक क्रमांकासमोर असावे. त्याचे नाव, पत्ता किंवा छायाचित्र व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर कधीही टाकू नये. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात तर पीडितेची ओळख उघड करणे हा स्वतंत्र गुन्हा आहे.

सहावी पायरी : सीसीटीव्ही आणि फलक

परमवीर सिंह सैनी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी प्रत्येक ठाण्यात प्रवेशद्वार, कोठडी, मार्गिका, स्वागतकक्ष, निरीक्षक व उपनिरीक्षकांच्या खोल्या आणि ठाण्याची मागील बाजू येथे आवाजासह चित्रण करणारे कॅमेरे लावण्याचा आणि चित्रण १८ महिने, ते शक्य नसल्यास किमान एक वर्ष जपून ठेवण्याचा आदेश दिला. ठाण्यात कॅमेरे आहेत आणि हक्कांचे उल्लंघन झाल्यास चित्रण जपून ठेवायला लावण्याचा पीडिताला अधिकार आहे, हे सांगणारा फलक स्थानिक भाषेतही लावायचा आहे. कॅमेरे सुरू ठेवण्याची जबाबदारी ठाणे प्रमुखावर आहे.

या आदेशातील एका तरतुदीकडे कार्यकर्त्यांचे फारसे लक्ष गेलेले नाही. जिल्हा स्तरावर एक देखरेख समिती असावी आणि तिच्यावर विभागीय आयुक्त, जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक यांच्याबरोबर जिल्ह्यातील एखाद्या नगराचे महापौर किंवा ग्रामीण भागासाठी जिल्हा परिषदेचे प्रमुख असावेत, असे त्यात म्हटले आहे. नोंदवले न गेलेले मानवी हक्कांचे उल्लंघन शोधण्यासाठी साठवलेले चित्रण तपासणे हेही या समितीचे कर्तव्य आहे. पोलिसांबाहेरच्या, लोकांनी निवडून दिलेल्या व्यक्तीला ठाण्याच्या आत पाहण्याची ही संधी आहे. मार्च २०२२ पासून महापालिकेवर प्रशासक आल्यामुळे नाशिकला महापौरच नव्हते आणि ही खुर्ची आपोआप रिकामी राहिली. आपल्या प्रभागातील नगरसेवकांकडे याविषयी लेखी आग्रह धरावा आणि समितीच्या बैठकांची इतिवृत्ते जिल्हाधिकारी कार्यालयाकडून मागावीत.

एखादी घटना घडली असेल तर चित्रण जपून ठेवण्याचे पत्र त्याच दिवशी द्यावे. पत्रात दिनांक, वेळेची दोन टोके आणि ठाण्यातील जागा लिहावी, आणि प्रत राज्य मानवी हक्क आयोगालाही पाठवावी. आयोगाला असे चित्रण मागवण्याचा अधिकार या निकालाने स्पष्टपणे दिला आहे.

याच फेरीत आणखी एक साधी पाहणी उरकावी. अटक केलेल्या व्यक्तींची नावे, पत्ते आणि गुन्ह्याचे स्वरूप ठाण्यात ठळकपणे दर्शवावे, असे नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३७ सांगते. गटातील दोघांनी एकेका ठाण्यात जाऊन असा फलक किंवा पडदा आहे का, तो आजच्या तारखेचा आहे का आणि ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोर उभ्या असलेल्या माणसाला तो वाचता येतो का, एवढे पाहून लिहून काढावे. पाहणीबद्दल आधी आयुक्तालयाला पत्र द्यावे. लपवाछपवीची गरज नाही.

सातवी पायरी : प्राधिकरण आणि आयोगाकडे जाणे

विभागीय तक्रार प्राधिकरणाकडे पीडित व्यक्ती स्वतः किंवा तिच्या वतीने दुसरे कोणी तक्रार करू शकते. सोबत वैद्यकीय अहवाल, आवक शिक्क्याच्या प्रती, साक्षीदारांची निवेदने आणि शक्यतो तक्रारदाराचे प्रतिज्ञापत्र जोडावे. प्राधिकरणाचा अहवाल शासनाकडे जातो. तो अपवादाने नाकारायचा झाल्यास शासनाला कारणे लेखी नोंदवावी लागतात, म्हणून अहवालानंतर ठरावीक काळाने गृह विभागाला पत्र लिहून निर्णयाची प्रत मागत राहावे. सुनावणीला तक्रारदार एकटा जाणार नाही, ही जबाबदारी गटाने घ्यावी. समोर गणवेशातील अधिकारी आणि त्यांची कागदपत्रे असताना एकट्या माणसाचा धीर सुटणे स्वाभाविक आहे, आणि तक्रारी मागे घेतल्या जातात त्या अशाच वेळी.

मानवी हक्क आयोगाकडे शुल्क नाही, पण घटनेपासून एक वर्षाच्या आत जावे लागते. न्यायालयात किंवा दुसऱ्या आयोगाकडे तेच प्रकरण आधीच चालू असल्यास अडचण येऊ शकते, म्हणून कोणते दार आधी ठोठवायचे हे वकिलाबरोबर बसून ठरवावे.

आठवी पायरी : नेमक्या मागण्या मांडणे

वर्षभराचे काम झाले की हातात ठाणेनिहाय आकडे, पाहणीचे कागद आणि काही प्रकरणांचे पूर्ण इतिहास असतात. त्यावरून एक छोटा अहवाल काढावा आणि तो आयुक्त, विभागीय आयुक्त, प्राधिकरण आणि शहरातील आमदारांना द्यावा. नाशिक पूर्व, मध्य, पश्चिम आणि देवळाली या चारही मतदारसंघांच्या आमदारांना विधानसभेत तारांकित प्रश्न (ज्याला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात) विचारण्याची विनंती प्रश्नाचा मसुदाच हाती देऊन करावी. मसुदा तयार मिळाल्यास प्रश्न लागण्याची शक्यता वाढते.

मागण्या मोजक्या असाव्यात. प्राधिकरणावरील रिक्त पदे ठरावीक मुदतीत भरावीत आणि नागरी सदस्याच्या निवडीची प्रक्रिया जाहीर असावी. प्राधिकरणाचा वार्षिक अहवाल मराठीत प्रसिद्ध व्हावा. सीसीटीव्ही समितीची इतिवृत्ते आयुक्तालयाच्या संकेतस्थळावर यावीत. पोलीस ठाण्यांना पूर्वसूचना न देता भेट देणारे अशासकीय अभ्यागत नेमावेत. ही चौथी मागणी नवखी नाही. कोठडीतील अत्याचारांविषयीच्या डी. के. बसू प्रकरणातील २०१५ च्या आदेशात तुरुंग आणि पोलीस ठाणी या दोन्हींसाठी असे अभ्यागत नेमण्याचा विचार राज्यांनी करावा असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे, आणि ब्रिटनमध्ये सामान्य नागरिक अशा भेटी कित्येक वर्षांपासून देत आहेत.

मागण्या लिहिताना न्यूयॉर्क शहराचा अनुभव उपयोगी पडतो. तिथे १९६६ मध्ये तक्रार मंडळावर बाहेरचे नागरिक नेमताच पोलीस संघटनेने सार्वमत घडवून ते मंडळ मोडून काढले. पूर्णपणे नागरी सदस्यांचे मंडळ १९९३ मध्ये आले, तरी शिक्षेचा अंतिम निर्णय आजही पोलीस आयुक्तांच्या हाती आहे, आणि मंडळाची शिफारस व प्रत्यक्ष शिक्षा यांतील अंतर हा तिथला सततचा वाद आहे. म्हणून आपणही केवळ ‘समितीत नागरिक घ्या’ एवढी मागणी करून थांबू नये. शिफारस केव्हापर्यंत अमलात आली पाहिजे, नाकारली तर कारणे कुठे प्रसिद्ध होतील, हेही मसुद्यात लिहावे.

पोलिसांच्या बाजूचे प्रश्नही याच अहवालात घ्यावेत, असे मला मनापासून वाटते. बंदोबस्तात सलग उभे राहणाऱ्या अंमलदाराला बसायला जागा नसते, साप्ताहिक सुटी रद्द होते. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम २२न (22N) नुसार सहायक आयुक्त व त्यावरील अधिकाऱ्यांचा सर्वसाधारण पदावधी दोन वर्षांचा आहे. मुदतीआधी झालेल्या बदल्यांची कारणे आपण विचारू लागलो, तर दबावाला न झुकणाऱ्या अधिकाऱ्यालाही त्याचा आधार वाटतो. शहरात महाराष्ट्र पोलीस अकादमी आहे, जिथे राज्यभरातील उपनिरीक्षक घडतात. कोठडीतील हक्कांवर तक्रारदारांशी प्रत्यक्ष संवादाचे एखादे सत्र तिथे व्हावे, अशी विनंती संचालकांना करून पाहावी.

नववी पायरी : सिंहस्थापूर्वीची तयारी

२०२७ च्या सिंहस्थासाठी बाहेरच्या जिल्ह्यांतून हजारो पोलीस नाशिकात येतील. रामकुंड, पंचवटी, तपोवन परिसरातील रहदारी वळवली जाईल, फेरीवाले आणि बेघर लोक हटवले जातील. बाहेरून आलेल्या अंमलदाराने कोणाला ताब्यात घेतले तर तक्रार कोणत्या कार्यालयात करायची, हा गोंधळ तेव्हा होणार आहे. म्हणून आयुक्तांकडे आत्ताच लेखी मागणी करावी की बंदोबस्तावरील प्रत्येकाची नामपट्टी दिसेल अशी असावी, तात्पुरत्या चौक्यांवरही ताब्यात घेतलेल्यांची नोंदवही असावी, कोणालाही चौकीत न ठेवता थेट ठाण्यात न्यावे आणि तक्रार स्वीकारणाऱ्या अधिकाऱ्याचे पद व दूरध्वनी क्रमांक घाटावरील फलकांवर मराठी आणि हिंदीत लिहिलेले असावेत. या पत्राची पोच जपून ठेवावी. बंदोबस्ताचा आराखडा ठरत असताना दिलेल्या पत्राचा विचार होऊ शकतो, पर्वणीच्या आदल्या आठवड्यात दिलेल्या पत्राचा होत नाही. गटातील किमान चौघांनी पर्वणीच्या दिवशी वकिलासह दूरध्वनीवर उपलब्ध राहण्याची पाळी लावून घ्यावी आणि ती यादी बाजारातील विक्रेत्यांच्या संघटनांकडे आगाऊ पोहोचवावी.